डावी बाजू

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. येल बेटावरच्या हॉलमध्ये
मी टेबल मांडते, टेबलावर रबरी चटई, चटईवर माझं यंत्र,
शेजारी चिठ्ठ्यांची दोन रिळं, हिरवं आणि लाल.
बाहेर वारा असा, की गाडीचं दार उघडायचं
तर आधी त्याला विचारावं लागतं.

दहापासून माणसं येऊ लागतात,
कुणाच्या काखेत गुंडाळी, कुणाच्या पिशवीत,
एकीने तर बाळाच्या ढकलगाडीतून आणलंय:
विजेची ब्लँकेटं.
झाड म्हणावं असं झाड नाही इथे, आडोसा नाही,
म्हणून गादीगादीवर एक तारांचं जाळं
अंगाखाली रात्रभर जागत असतं.

यंत्राचं काम शेवटी. आधी डोळे, मग बोटं.
पूर्वी मी सॅमनच्या कारखान्यात होते,
मांसात राहिलेले काटे चाचपून काढायला.
बोटांना सवय तीच. तार कुठे मुडपली,
कुठे पीळ बसला, कुठे करपल्याचा डाग, बशीएवढा.
इर्टी मावटांचा प्लग उघडला
तर फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी.
"तीस वर्षं चाललं की," ते म्हणतात, शर्यत जिंकल्यासारखे.
काळ रोज येत होता, इर्टी,
वेळच तेवढी उशीर करत होती.

बारापर्यंत सतरा पास, एकवीस नापास.
नापासाची वायर मी तिथल्या तिथे कापते.
लाल चिठ्ठी घरी जाऊन सोलता येते,
कापलेली वायर नाही.
बदल्यात अग्निशमनवाल्यांकडून नवं, खोक्यातलं.
लोक खूश. कुणीतरी माझ्यापुढे चहा ठेवतं,
तो गार होतो.

मग रॅसमी हॅल्क्रो.
दुहेरी ब्लँकेट, चौकोनी घडी, दोन वायरी, दोन बटनं:
उजवं त्यांचं, डावं ऑस्लाचं.
ऑस्ला जाऊन चार वर्षं झाली. मी होते तिच्या मातीला,
तेव्हाही असाच वारा.

घडी उलगडते.
उजवी बाजू कोरी, लव अजून उभी.
डावीची पार जाळी झालेली, तार वर आलेली,
डाग तिथेच. डावं बटन दोनवर,
आणि तो दोनचा आकडा अंगठ्याने पुसून गेलेला.

हातच्या काकणाला आरसा कशाला,
तरी मी यंत्र लावते. आकडा त्यांनी बघावा,
माझ्या तोंडून ऐकू नये, एवढ्यासाठी.
आकडा खाली खाली येतो.
आमच्या धंद्यात याला गळती म्हणतात.

"उजवी चालते ना?"
चालते.
"मग डावीच कापा."
तसं होत नाही, रॅसमी. एकाच कापडात शिवलंय दोन्ही.
बोलून गेल्यावर मला ऐकू येतं, मी काय बोलले.

ते मात्र बटनाकडे बघतायत.
"तिला थंडी फार. साडेनऊला मी तिची बाजू लावून ठेवायचो,
ती कोंबड्या कोंडून येईपर्यंत गरम."
आणि आता?
"आताही लावतो. हाताला सवय.
मग मीच जाऊन झोपतो तिथे.
वीज वाया कशाला घालवायची?"

कात्री दोनदा चालते.
डावं बटन ते खिशात टाकतात, वायरीच्या शेपटीसकट,
आणि मी काही बघितलेलं नाही.
खोक्यांमध्ये सिंगलही आहेत.
मी न विचारता डबल काढून देते.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिते:
डावी बाजू. अतिवापर.

पुढचं कोण?
एक मुलगा, हातात टोस्टर, तळातून कोळसा सांडतोय.
आज फक्त ब्लँकेटं, मी सांगते.
तो हलत नाही.
आण इकडे.